पुराचं पाणी ओसरल्यावर फरशीखालचा थर: तपासायचा कसा, सुकवायचा कसा, बदलायचा कधी

2024 च्या ऑगस्टअखेरीस वडोदऱ्यात विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर भागांत घराघरांत पाणी शिरलं, आणि 7 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. मधे जेमतेम आठवडा. चिखल उपसायचा, फरशी घासायची, गणपती बसवायचे, मग दिवाळीच्या आत नव्या टाइल्स. हा क्रम आपल्या मनात इतका पक्का असतो की फरशी वरून कोरडी दिसली की काम संपलं असं वाटतं. वडोदऱ्यात पुराचं पाणी लागलेल्या घरांत सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो तो इथेच. टाइल दोन दिवसांत सुकते. तिच्याखालचा थर सुकायला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागतात, आणि ओल्या थरावर घातलेली नवी फरशी पुढच्या उन्हाळ्याच्या आत उचलते किंवा बसते.

आधी फरशीच्या पोटात काय असतं ते पाहू. तळमजल्याच्या घरात जोत्याच्या भिंतींच्या आत मातीचा भराव असतो, त्यावर कुठे दगडांचा थर (सोलिंग), त्यावर साधारण 4 इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, त्यावर इंचभर सिमेंट-रेतीचा माल, आणि वर फरशी. पूर आला की पाणी दारातून येतं, नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या तोंडातून) उलटं वर येतं आणि जोत्याच्या बाहेरून मातीतूनही आत झिरपतं. म्हणजे भराव दोन्ही बाजूंनी भिजतो. ओसरताना मालातली बारीक रेती आणि कच्चा सिमेंट भेगांमधून वाहून जातो, भराव खाली बसतो, आणि पीसीसी व माती यांच्यात पोकळी राहते. वरून काही दिसत नाही.

पहिले दोन दिवस

घरात पाऊल टाकण्याआधी मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. विश्वामित्रीच्या पुरात मगरी आणि साप घरांत, अंगणांत येतात, त्यामुळे पलंगाखाली, जिन्याखाली, बाथरूममध्ये टॉर्च मारून लांब काठीने चाचपल्याशिवाय वाकू नका. मगर दिसली तर दार ओढून घ्या आणि वनविभागाला कळवा. पायांत गमबूट, हातांत रबरी मोजे हवेतच, कारण हे पाणी गटाराचं असतं. पायाला जखम असेल आणि त्या पाण्यात उभं राहावं लागलं असेल, तर लेप्टोस्पायरोसिसबद्दल (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल) डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

चिखल ओला असतानाच काढा. सुकला की तो दरजांमध्ये घट्ट बसतो आणि खालची वाफ बाहेर यायची वाटच बंद करतो. आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मग 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी फरशीवर पसरा आणि अर्ध्या तासाने धुऊन काढा. क्रम उलटा केला तर क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात. ब्लीचिंगबरोबर किंवा तिच्या मागोमाग ॲसिड कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जीवावर बेततो. शिवाय ॲसिड दरजांमधलं सिमेंट खातं.

त्याच दोन दिवसांत स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी, काढा. हे जिवावर येतं, कारण स्कर्टिंग धडधाकट दिसतं. पण भिंतीचा पाया आणि फरशीची कड ज्या सांध्यात मिळतात, तिथूनच सगळ्यांत जास्त ओल बाहेर पडते आणि तोच सांधा स्कर्टिंगने झाकलेला असतो. भिंतीवर पीओपी किंवा जिप्समचा लेप असेल तर पाण्याच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत तो खरवडून टाका. भिजलेलं जिप्सम पुन्हा पकड घेत नाही.

लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट असेल तर मोह सोडा. आतला एचडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) एकदा फुगला की बसत नाही. व्हिनाइलच्या शीटही उचलून टाका, नाहीतर त्या प्लास्टिकच्या झाकणाचं काम करतात.

ठोकून पाहणे

पाणी ओसरल्यावर आठेक दिवसांनी फरशी ठोकायची. लाकडी मुठीचा हातोडा उलटा धरा आणि प्रत्येक टाइलवर पाच ठिकाणी हलकेच ठोका: चार कोपरे आणि मध्य. भरीव जागी आवाज बारीक, टणक येतो आणि मुठीला झटका परत मिळतो. पोकळ जागी आवाज मोठा होतो, ढबढब येतो, जणू खाली डबा ठेवलाय. पोकळ टाइलवर खडूने फुली मारा. सगळी खोली झाली की दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. फुल्यांची जागा बरंच काही सांगते. भिंतीला लागून रांगेत फुल्या असतील तर भराव कडेला बसलाय. बाथरूमच्या दारापासून बाहेरपर्यंत पट्टा असेल तर खालच्या ड्रेनेजच्या पाइपाच्या चरात माती खचली आहे. इथे-तिथे विखुरलेल्या असतील तर बहुतेक नुसता माल धुपलाय, आणि ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

नंतर पाण्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घेऊन खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यात पातळी घ्या, आकडे भिंतीवर पेन्सिलने तारखेसह लिहा. दर रविवारी परत घ्या. तीन आठवड्यांत आकडे हलत असतील तर भराव अजून बसतोय, आणि त्यावर आज केलेलं कुठलंही काम फुकट जाणार.

एक टाइल उचलून आत पाहा

सगळ्यांत वाईट आवाज जिथे आला तिथली एक टाइल काढायची. आधी चारी बाजूंच्या दरजा ग्राइंडरने कापा, म्हणजे शेजारच्या टाइल्सचे कान उडणार नाहीत. खालचा माल बोटांत घ्या. चांगला माल नखाने खरवडावा लागतो. धुपलेला माल काळसर, गार असतो, मुठीत दाबला की ओल्या रेतीसारखा चुरतो आणि गटाराचा वास येतो. असा माल सुकवून वाचत नाही. तो काढायचाच.

मग पीसीसीला 12 मिमीच्या बिटने आरपार भोक पाडा. पण त्याआधी त्या जागेखालून वायर किंवा पाइप जात नाही याची इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरकडून खात्री करून घ्या. एका टोकाला वाकवलेली बारीक सळई भोकातून खाली सोडा, आकडा पीसीसीच्या बुडाला अडकवा आणि तिथपासून मातीपर्यंतचं अंतर मोजा. सळई लगेच मातीला टेकली तर भराव जागेवर आहे. बोटभर पोकळी असेल आणि ती दोन-चार जागीच असेल तर ग्राउट (सिमेंट-रेतीचं पातळ मिश्रण) भरून काम होतं. तीन बोटांपेक्षा जास्त किंवा खोलीच्या एक तृतीयांशाहून मोठ्या भागात असेल तर ती फरशी फोडावी. या आकड्यांवर दोन कडियांचं (गवंड्यांचं) एकमत होणार नाही, पण पोकळीवर अधांतरी राहिलेलं बिनसळईचं काँक्रीट कपाटाच्या वजनाखाली कधीतरी तुटणार, हे नक्की.

भराव काळ्या मातीचा आहे का?

इथल्या जमिनीत काळी चिकण माती भरपूर, आणि घर बांधताना पायातून निघालेली तीच माती जोत्यात भरून टाकलेली अनेकदा सापडते. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते. म्हणून काही घरांत फरशी पुरात उचलते आणि उन्हाळ्यात खाली बसते. मालक दोन्ही वेळा कडियाला दोष देतो.

घरच्या घरी ओळखायची रीत सोपी आहे. भरावातली मूठभर माती उन्हात कडकडीत वाळवा, कुटा, रव्याच्या चाळणीने चाळा. दोन सारखे उभे, अरुंद काचेचे ग्लास घ्या, दोन्हींत दोन-दोन सपाट चमचे माती घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून बुडबुडे जाऊ द्या आणि 24 तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती मोजमापाची खूण. पाण्यातला थर रॉकेलातल्या थराच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसला तर ती माती फरशीखाली ठेवण्याजोगी नाही. मातीच्या प्रयोगशाळेतली फुगवट्याची चाचणी याच तत्त्वावर चालते, तिथे फक्त वजन आणि माप काटेकोर असतं.

सुकवणे, आणि किती दिवस

सिमेंटचा थर चांगल्या हवेत रोज साधारण 1 मिमी सुकतो, तेही पहिल्या 50 मिमीपर्यंत. त्याहून जाड असेल तर वेग मंदावतो. इंचभर माल आणि 4 इंच पीसीसी मिळून 125 मिमी होतात. म्हणजे उघडी फरशीसुद्धा दोन महिन्यांत पुरती सुकेल याची खात्री नाही. वर व्हिट्रिफाइड टाइल असेल तर ती पाणी शोषत नाही आणि सोडतही नाही, सगळी वाफ दरजांतूनच जायची. जुनी मोझेक किंवा कोटा असेल तर नशीब बरं, त्या थोडा श्वास घेतात.

ऑगस्ट-सप्टेंबरची हवा स्वतःच ओली असते. तेव्हा खिडक्या उघडून पंखे लावण्याचा फायदा दुपारी ऊन असताना, पाऊस नसताना. पंखा छताचा नको, जमिनीवर ठेवलेला, कडेकडेने वारा मारणारा हवा. डीह्युमिडिफायर भाड्याने आणला असेल तर त्या खोलीची दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर तो बाहेरचा पावसाळा सुकवत बसतो. हीटर किंवा हॅलोजन लावून घाई केली तर वरचा थर तडकतो आणि खालचा ओलाच राहतो. ऑक्टोबर उजाडला, हवा कोरडी झाली की खरा वेग येतो.

सुकलं की नाही हे हात लावून कळत नाही. एक दुपार घालवून हे करा: मालाचा थर काढलेल्या जागी, उघड्या पीसीसीवर दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद करा. दुसऱ्या दिवशी पाहा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला दव जमलं असेल किंवा काँक्रीटचा रंग गडद झाला असेल तर खालून ओल येते आहे. वरच्या अंगाला दव असेल तर ती हवेतली. यापेक्षा नेमकं हवं असेल तर काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर जमिनीवर ठेवून त्यावर प्लास्टिकचा डबा उपडा घाला, कडा टेपने बंद करा आणि तीन दिवसांनी वाचा. लाकडी किंवा व्हिनाइल फरशी घालायची असेल तर आकडा 75 टक्क्यांच्या खाली यायलाच हवा. सिरॅमिकला थोडी सूट चालते, पण दर आठवड्याला आकडा उतरत असला पाहिजे.

भिंतीच्या पायाशी पांढरी पूड येईल. हा लोणा, गुजरातीत लूणो. तो कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. धुतला की क्षार परत आत जातात आणि पुन्हा उगवतात.

आधी ड्रेनेज, मग फरशी

जिथे पोकळी पाइपाच्या चराजवळ आहे तिथे ग्राउट ओतण्याआधी पाइप तपासा. बाहेरच्या चेंबरमध्ये पाइपाचं तोंड प्लगने बंद करा, बाथरूमच्या ट्रॅपमधून पाणी भरा, पातळीवर खूण करा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर सांधा सुटलाय. हे न करता ग्राउट ओतलं तर ते फुटक्या पाइपात शिरतं आणि तिथेच दगड होतं. मग फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नाही.

पाइप शाबूत असेल तर ग्राउट असं भरा: दोन-दोन फुटांवर पीसीसीला भोकं, सिमेंट आणि चाळलेली बारीक रेती समप्रमाणात, पाणी इतकंच की नरसाळ्यातून धार अखंड पडेल. सर्वांत सखल भोकातून ओता. शेजारच्या भोकातून वर आलं की पहिल्यात लाकडी खुंटी मारा आणि पुढच्या भोकावर जा. तीन दिवस त्यावर वजन नको.

फोडून नव्याने घालणे

100 चौरस फुटांच्या खोलीचा हिशेब धरू. फरशी आणि पीसीसी काढल्यावर काळा भराव किमान दीड फूट खोल काढा. मात्र भिंतीच्या पायाच्या तळाखाली जाऊ नका. भिंत कुठे, किती खोल उतरली आहे हे माहीत नसेल तर आधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहा. जुन्या घरांत पाया उथळ असतो आणि सगळा भराव एकदम काढला तर भिंत हलू शकते. तिथे अर्धी खोली आधी, अर्धी मागून, आणि एकदा इंजिनिअरला दाखवून.

भराव उघडा असताना वाळवीचं औषध मारून घ्या. पुरानंतर ओलसर माती आणि भिजलेल्या चौकटी म्हणजे वाळवीला आमंत्रण. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. नंतर करायचं झालं तर भिंतीच्या कडेने फुटाफुटावर 12 मिमीची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर औषध जिरवावं लागतं.

नवा भराव मुरुमाचा किंवा जाड रेतीचा. तो सैल असताना 6 इंचांचे थर करून टाका, पाणी शिंपडा, धुमसाने ठोका, मग पुढचा थर. पाणी इतकंच की मुठीत दाबलेला मुरूम गोळा होईल पण हाताला पाणी सुटणार नाही. ठोकलेल्या थरावर टाच जोरात मारली तर ठसा उमटू नये. कडिया दीड फूट एकदम भरून वर पाण्याचा पाइप सोडू म्हणेल, त्याला थांबवा. काळ्या भरावाच्या जागी तसं केलं की वरचा अर्धा फूट घट्ट होतो आणि खाली सगळं सैल राहतं.

भरावावर इंचभर रेतीची चादर, त्यावर 250 मायक्रॉनचं काळं पॉलिथिन. दोन पट्ट्यांचा जोड निदान 6 इंच एकमेकांवर, कडा भिंतीवर स्कर्टिंगच्या उंचीपर्यंत वर वळवलेल्या. हा प्लास्टिकचा कागद खालची ओल वर येऊ देत नाही, पण भराव अजून चिंब असेल तर ती ओल भिंतींकडे वळते. म्हणून भराव सुकल्याशिवाय कागद नाही.

त्यावर 4 इंच पीसीसी, 1:4:8 (सिमेंट, रेती, खडी), 40 मिमी खडी. इथल्या दुकानात खडीला कपची म्हणतात. 100 चौरस फुटांना सिमेंटच्या साडेतीन गोण्या, रेती 16 घनफूट, कपची 32 घनफूट. पाणी सात दिवस मारा. मग सुकू द्या, आणि प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा.

टाइलचा माल 1:6 (सिमेंट, रेती), जाडी एक इंच. याला साधारण सव्वा गोणी सिमेंट आणि साडेनऊ घनफूट रेती लागते. वर टाइलखालच्या स्लरीसाठी (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटसाठी) पाऊण गोणी धरा. रेती खारी किंवा मातकट नको. खारेपणासाठी जिभेला लावून पाहा, मातीसाठी पाण्यात ढवळून गाळ पाहा. टाइल बसवताना स्लरी सगळ्या बुडाला लागली पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मध्ये हवा, ही पद्धत दिसली की ती टाइल लगेच उचलायला लावा, कारण पुढच्या पुरात पाणी याच पोकळ्यांत उभं राहतं. भिंतीला लागून 5-6 मिमीची फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फट नसेल तर उन्हाळ्यात फरशीला पसरायला जागा मिळत नाही आणि ती मधोमध तंबूसारखी उचलते.

जुन्या फरशीवरच नवी चिकटवणे स्वस्त आणि दोन दिवसांचं काम आहे. खालचा थर ठोकून भरीव आणि कोरडा ठरला असेल तरच ते करा. तेव्हाही दारं कापावी लागतील, आणि बाथरूमची पातळी बाहेरच्यापेक्षा खाली आहे ना, हे आधी मोजा.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे

वडोदऱ्याच्या या जुन्या भागांतल्या वाड्यांच्या माडीची फरशी वेगळी असते: सागवानी कड्या, त्यावर फळ्या, वर विटांचा चुरा आणि चुन्याचा कोबा, आणि शेवटी लाद्या. इथे पूर नाही, गळकं कौल किंवा नंतर घातलेलं बाथरूम घात करतं. पाणी कोब्यात मुरतं आणि कडीच्या भिंतीत गेलेल्या टोकाला कुज लागते, जी कोणालाच दिसत नाही. खालच्या खोलीतून भिंतीलगत कडीत दाभण टोचा. सागाच्या चांगल्या कडीत ते जेमतेम दोन-तीन मिमी जातं. अर्धा इंच सहज गेलं तर कूज आहे.

काही कापण्याआधी खाली टेकू लावा, प्रत्येक दुरुस्त करायच्या कडीला एक, आणि टेकूखाली जाड फळी, नाहीतर टेकू खालच्या फरशीत घुसेल. कुजलेला भाग दिसतो त्याच्या दीड फूट पुढे, निरोगी लाकडात कापा. दोन्ही बाजूंना कडीइतक्याच उंचीच्या सागाच्या फळ्या लावून 12 मिमीच्या नटबोल्टने आवळा. निरोगी भागावर त्या निदान तीन फूट चढलेल्या हव्यात. नव्या टोकाभोवती भिंतीत सिमेंट ठासू नका. अर्ध्या इंचाची हवेची फट ठेवा. सिमेंटने कोंडलेलं टोक परत कुजतं. वरचा कोबा चुन्याचाच करा. सिमेंटचा कोबा जड आणि कडक असतो, कड्या लवल्या की तडकतो आणि त्या तड्यांतून पाणी पुन्हा थेट लाकडावर.

शेवटी चेंबरमधला वॉल्व्ह

ज्या घरात पाणी ट्रॅपमधून उलटं आलं तिथे नवी फरशी घालण्याआधी घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा) बसवा. घराकडचा उतार कायम राहील अशा उंचीवर तो हवा, आणि वरचं झाकण उघडून हात घालता आला पाहिजे. त्याच्या पाकळीत केस, चिंध्या अडकल्या की ती बंद होत नाही. दर वर्षी मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी, झाकण उघडा, पाकळी धुवा, बोटाने वर उचलून सोडा. ती आपोआप पडून नीट बसली की झाकण लावा.